मन लागत नसताना देवाजवळ कसं बसावं: दुःखाच्या काळातली उपासना, तुकोबांच्या क्रमाने

घरात कोणी गेलं, कोणाचा आजार हाताबाहेर चालला, की भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "देवाचं नाव घ्या, धीर येईल." नाव घ्यायचं कसं, किती, कुठे बसून, हे मात्र कोणी सांगत नाही. माणूस माळ घेऊन बसतो. दहा मणी होईपर्यंत मन दवाखान्याच्या बिलावर जातं, गेलेल्याच्या शेवटच्या शब्दावर जातं. तो माळ खाली ठेवतो आणि आपली श्रद्धाच कमी आहे अशी खूणगाठ बांधतो. दुःखाच्या काळात उपासना सुटते ती बहुतेकदा इथेच.

तुकाराम महाराजांनी स्वतःची हकीकत ज्या अभंगात सांगितली आहे, "याति शूद्र वंश केला वेवसाव" असा त्याचा आरंभ आहे, त्यात या अडचणीचं उत्तर आहे. आईवडील गेले. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पैसा आटला, मान गेला, एक बायको "अन्न अन्न" करत मेली, धंदा बुडाला. एवढं सांगून झाल्यावर आपण पुढे काय काय केलं ते तुकोबा ओळीने सांगतात. देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि "नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं" हे उघड सांगून टाकलं. मग संतांची काही वचनं पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून धृपद, म्हणजे दर वेळी परत येणारी ओळ, धरलं. शरीर कष्टवून जमेल तो उपकार केला. नामावरचा दृढ विश्वास आणि कवित्वाची स्फूर्ती यांचा उल्लेख या सगळ्यानंतर येतो.

म्हणजे आधी हात, मग तोंड, मग सोबत, आणि मन सगळ्यात शेवटी. खाली जे सांगितलं आहे ते याच क्रमाने. मन लागेपर्यंत थांबू नका.

हाताला आधी काम

पहिल्या दिवसांत जपाला बसणं जड जात असेल तर देवाच्या जागेशी संबंध येईल असं एक छोटं काम ठरवा. देवघराचा कोनाडा पुसणं, समई चिंचेने घासणं, फुलवाती वळणं, तुळशीला पाणी घालणं, गावातल्या देवळाचं अंगण झाडणं, यांपैकी कोणतंही एक. काम पंधरा मिनिटांत आटोपणारं असावं, रोज त्याच वेळी करता यावं आणि त्याला कोणाची परवानगी लागू नये. वाती वळण्याचं काम विशेष चांगलं. बोटं गुंतलेली राहतात, बसल्या जागी होतं, आणि रडू आलं तरी काम अडत नाही. सुरुवातीचे तीन-चार दिवस एवढंच झालं तरी पुरे. देवघरात जाताच सगळं आठवून उन्मळून यायला होत असेल तर तुळशीपासून सुरू करा.

नाम: कोणतं, किती, कसं

नाम नवं शोधू नका. लहानपणापासून जे कानावर आहे तेच घ्या. वारकरी घरात "राम कृष्ण हरी", रामदासी किंवा गोंदवल्याच्या परंपरेतल्या घरात "श्रीराम जय राम जय जय राम" हा तेरा अक्षरी मंत्र, कोणाकडे दत्ताचं, कोणाकडे कुलदेवीचं. दुःखात नवा मंत्र शिकायला बसलं की सगळं लक्ष तो बरोबर म्हणण्यात जातं.

पहिले काही आठवडे नाम मोठ्याने घ्या. शेजारच्या खोलीत गेलं नाही तरी चालेल, स्वतःच्या कानाला स्पष्ट ऐकू यायला हवं. मनातल्या मनात जप हा सरावलेल्या माणसाचा. दुःखात मन रिकामं सापडलं की काळजी लगेच तिथे शिरते; तोंड आणि कान कामाला लागले की तिला जागा कमी उरते. एका श्वासावर एकदा, श्वास सोडताना नाम, असं संथ घेतलं की श्वासही लांबतो आणि छातीतली धडधड बसायला मदत होते.

रोज एक माळ, १०८ मणी. "राम कृष्ण हरी" तीन सेकंदांना एकदा म्हटलं तर माळेला साडेपाच मिनिटांच्या आसपास लागतात. तेरा अक्षरी मंत्राला थोडा जास्त वेळ लागतो. माळ मधल्या बोटावर धरावी, अंगठ्याने मणी ओढावा, तर्जनी लावू नये. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, ओलांडायचा नाही. तिथे आल्यावर माळ फिरवून उलट यायचं. माळ नसेल तर चार बोटांची बारा पेरं अंगठ्याने मोजावीत. नऊ वेळा झालं की १०८. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत हाच हिशेब बरा.

मन भटकलं म्हणून माळ पहिल्यापासून सुरू करायची नाही. ज्या मण्यावर लक्षात आलं तिथून पुढे. पुन्हा पहिल्यापासून करण्याचा नियम लावून घेतला की माळ कधी पुरीच होत नाही, आणि आपल्याला जमत नाही ही भावना रोज घट्ट होत जाते.

खाली बसता येत नसेल तर खुर्चीवर बसा. आंघोळ झाली नसेल तर हातपाय धुऊन बसा, तेही झालं नसेल तर तसेच बसा. हरिपाठात ज्ञानदेवांनी "काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं" असं स्पष्ट म्हटलं आहे.

वेळ मात्र ठरलेली हवी. दिवेलागणीची वेळ बहुतेक दुःखी घरांत अवघड असते. गेलेला माणूस कामावरून परतायची तीच वेळ असते, आणि घर अचानक मोठं वाटायला लागतं. म्हणून आमचा आग्रह दिवेलागणीसाठी आहे. रात्री झोप उडत असेल तर अंथरुणात बसून दुसरी माळ घ्या, पण तिची मोजदाद ठेवू नका. झोप लागली तर लागू द्या.

काही ओळी पाठ करणं

दुःखात स्मरणशक्ती दगा देते. वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं, गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. म्हणून नेहमीच्या निम्मंच ठरवा. तीन किंवा चार चरणांचा एक अभंग घ्या. रोज एकच चरण. सकाळच्या चहाच्या वेळी पाच वेळा मोठ्याने, रात्री एकदा. दुसऱ्या दिवशी आधी कालचा, मग नवा. आठवड्यात अभंग तोंडी येतो. चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून खिशात किंवा पदराला ठेवा. मोबाइलवर ठेवलेली ओळ शोधताना चार निरोप दिसतात आणि हेतू तिथेच राहतो.

पाठ कशासाठी, तर दुःख सांगून येत नाही. स्टेशनच्या जिन्यावर, भाजी निवडताना, कोणाच्या लग्नात ते एकदम येतं. त्या क्षणी पुस्तक हाताशी नसतं. तोंडात असेल तेवढंच कामाला येतं. समर्थांची करुणाष्टकं अनेक घरांत संध्याकाळी म्हणतात, त्यांतली दोन-तीन कडवी पाठ असली तरी पुष्कळ.

धृपद धरणं

एकट्याने गाणं जमत नसेल तर दुसऱ्याच्या मागे म्हणा. हरिपाठ यासाठी फार चांगला. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग, आणि दर अभंगानंतर "हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा, पुण्याची गणना कोण करी" हे धृपद. पुढचा अभंग म्हणतो, मागच्यांनी एवढी एकच ओळ धरायची. आवाज फुटला तर गप्प राहायचं. पुढच्या अभंगानंतर तीच ओळ पुन्हा आपल्यापाशी येते, काही बुडत नाही. साधा म्हटला तर पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात, टाळ-मृदंगावर बराच जास्त वेळ.

गावात किंवा वस्तीत रोजचा हरिपाठ चालत असेल तर मागच्या रांगेत, दाराजवळ जागा घ्या. मध्येच उठून जाता येतं. पहिल्या दिवशी कोणाला तरी आधी सांगून ठेवा की विचारपूस नको, नुसतं येऊन बसणार आहे. सांगितलं नाही तर हरिपाठ संपताच सांत्वनाला रांग लागते आणि माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

मुलगा न्यू जर्सीत, आई साताऱ्यात, असं असेल तर व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकदम म्हणायला जाऊ नका. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, ताल सुटतो आणि दोघेही थांबतात. एकाने म्हणावं, दुसऱ्याने आपला माइक बंद करून त्याच्या मागे धृपद धरावं, पाच अभंगांनी पाळी बदलावी. भारतातली संध्याकाळची साडेसहाची वेळ न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळी आठ आणि उन्हाळ्यात नऊ, लंडनमध्ये दुपारी एक किंवा दोन. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात तेव्हा नेम चुकतो, म्हणून वेळ नेहमी भारताचीच धरा.

दवाखान्यात

रुग्ण शुद्धीवर असेल तर आधी विचारा. आपल्याकडे रामनाम आणि तुळशीपत्र शेवटच्या क्षणांशी इतकं जोडलं गेलं आहे की उशाशी एकदम नामाचा घोष सुरू झाला तर आजारी माणसाला वाटतं, आपलं संपलं. तो रोज जे म्हणत होता तेच म्हणा. रामरक्षा म्हणणाऱ्यासमोर रामरक्षा म्हटली की त्याला तो रोजचाच दिवस वाटतो. शुद्ध नसेल तरी कानाशी हळू आवाजात, आपलं नाव सांगून, दोन-तीन मिनिटं म्हणा. ऐकू येत असेल असंच धरून वागा. हेडफोन लावून तासन्‌तास भजनं सुरू ठेवू नका. नको असलं तर त्याला ते काढताही येत नाहीत.

काही गोष्टी काटेकोर पाळायच्या. ऑक्सिजन चालू असतो तिथे निरांजन, उदबत्ती, कापूर काहीही पेटवायचं नाही. तोंडाने काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर तीर्थाचा चमचासुद्धा द्यायचा नाही. पाणी श्वासनलिकेत जाऊन न्युमोनिया होऊ शकतो. ओठांना लावायचं असेल तर नर्सला विचारून ओलसर कापसाने. अंगारा कपाळाला लावा. सलाइनच्या सुईजवळ, जखमेवर, टाक्यांवर लावू नका. गळ्यातली माळ शस्त्रक्रियेआधी काढायला सांगतात. त्याचा अपशकुन मानू नका. घरच्या एकाने ती स्वतःच्या खिशात ठेवावी आणि रुग्णाला "माळ माझ्याकडे आहे" असं सांगावं. अतिदक्षता विभागाबाहेर बसणाऱ्यांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावाव्यात. ज्याची पाळी नाही त्याने जेवावं आणि झोपावं. जागरण म्हणजे उपासना नव्हे.

सुतकात

सर्वात जास्त प्रश्न इथे असतात. बहुतेक घरांत दहा दिवस सुतक, तेरावा होईपर्यंत देवपूजा बंद किंवा दुसऱ्याच्या हातून. प्रथा घराघरांत वेगळ्या आहेत. घरातली वडीलधारी मंडळी सांगतील ते धरा, या दिवसांत त्यावरून वाद घालू नका. पण पूजा बंद म्हणजे देव बंद, असा समज करून घेऊन लोक नेमक्या गरजेच्या दिवसांत नाम सोडून देतात. ते चुकीचं आहे. नामाला सोयरसुतक नाही ही वारकऱ्यांची जुनी, ठाम भूमिका आहे. मूर्तीला हात न लावता, देवघराचं दार न उघडता, गेलेल्या माणसाच्या दिव्याजवळ बसून माळ होते.

तो दिवा विझला की घरात कोणीतरी दचकतं. वात आखूड असते, तेल संपतं, पंख्याचा वारा लागतो, एवढंच कारण असतं. रात्री झोपण्याआधी तेल भरा, वात लांब घाला, काचेची चिमणी किंवा आडोसा ठेवा. विझला तर पुन्हा लावा आणि कोणाला उठवू नका. माळेचा दोरा तुटला तरी तसंच. मणी वेचून डबीत ठेवा, सवडीने ओवून घ्या.

या दिवसांत भेटायला येणाऱ्यांची रीघ असते. बसायचं असेल तर पहाटे, किंवा रात्री सगळे गेल्यावर. आल्यागेल्यांसमोर पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून नाम घेतलं तर तेच तेच शेवटचे क्षण दहादा सांगण्यातून घरच्यांची थोडी सुटका होते.

एकादशी आली तर कीर्तनाला, भजनाला जा, पण उपवासाचा हट्ट नको. दुःखात माणूस आधीच कमी जेवतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर उपवास थेट धोक्याचा. साखर एकदम उतरते.

रडणं आणि भांडणं

नाम घेताना रडू आलं तर थांबवू नका. "देव आहे ना, मग रडतेस कशाला," असं म्हणणाऱ्याला घरातल्याच कोणीतरी बाजूला न्यावं.

देवाचा राग येत असेल तर तो त्याच्यापुढेच बोला. संतांनी हे उघडपणे केलं आहे. जनाबाई विठोबाला "विठ्या" म्हणून शिव्या घालते. "माझे लेखीं देव मेला" हे तुकोबांचंच वचन, आणि ते गाथेत जपून ठेवलेलं आहे. करायचं असं: माळ झाल्यावर दोन मिनिटं, एकवचनात, घरी जी भाषा बोलता त्याच भाषेत. "तू हे का केलंस" असं सरळ. सुंदर प्रार्थना रचायला जाऊ नका. बोलता येत नसेल तर देवाला पत्र लिहा. ज्याच्याशी भांडतो तो समोर आहे असं आपण धरलेलंच असतं, आणि पुष्कळांना देव जवळ असल्याची पहिली जाणीव भांडताना झालेली असते.

जाणीव होते म्हणजे काय होतं

उजेड दिसणं, सुगंध येणं, स्वप्नात दर्शन होणं, असं काही लोकांच्या बाबतीत घडतं. ते घडावं म्हणून बसू नका. बहुतेकांना येणारी जाणीव फार साधी असते, म्हणून ती निसटते. दुःख तेवढंच असतं, पण ते उचलताना आपण एकटे नाही असं क्षणभर वाटतं. अडलेलं एखादं काम, बँकेतला अर्ज असेल, कपाटातले कपडे काढणं असेल, त्या दिवशी होऊन जातं. पाठ केलेली ओळ न बोलावता ओठांवर येते. वहीत तारीख घालून एक ओळ लिहून ठेवा. पुढे वाईट दिवशी तीच वही वाचायला मिळते. लगेच चारचौघांत सांगू नका. लोक त्यावर आपापले अर्थ चढवतात आणि मूळची जाणीव पुसट होते. खरं की भास, हे ठरवताना तुकोबांचं माप वापरा: "सत्य असत्यासी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता." आपलं मन साक्षी, लोकांचं मत नव्हे. आणखी एक पारख आहे. त्या जाणिवेनंतर घरच्यांशी बोलताना आवाज मऊ होतो का, ते पाहा.

महिनोन्‌महिने काहीच जाणवलं नाही तर? नेम चालू ठेवा. गाथेत भेटीच्या अभंगांपेक्षा भेट होत नाही म्हणून तळमळणारे अभंग काही कमी नाहीत.

गेलेल्या माणसाची चाहूल लागणं, हाक ऐकू येणं हे दुःखात पुष्कळांना होतं, त्याला घाबरू नये. पण आवाज काही करायला सांगू लागले, झोप आठवडाभर जवळजवळ लागलीच नाही, जगू नये असे विचार येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं. माळ आणि गोळी दोन्ही एकाच हातात राहू शकतात.

बिघडतं ते बहुतेक सौद्यामुळे

"सव्वा लाख जप झाला की बाबा बरे होतील." हा हिशेब मांडला की नाम औषधासारखं मोजलं जातं. माणूस वाचला नाही तर दोष कोणाला? देवाला, नाहीतर जप कमी पडला म्हणून स्वतःला. हा दुसरा दोष वर्षानुवर्षं पोखरतो. बरं वाटावं अशी प्रार्थना जरूर करा, मोकळेपणाने मागा, पण आकड्याशी बांधू नका. ज्याने मागितलं आणि मिळालं नाही अशा माणसाला "तुमचा भाव कमी पडला" असं कधीही म्हणू नका.

दुसरी चूक मोठ्या संकल्पाची. अकरा माळा, रोज पारायणाचा अध्याय, सोळा सोमवार, सगळं पहिल्याच आठवड्यात. पाहुणे परत जातात, कागदपत्रं, वारसनोंदी सुरू होतात, संकल्प मोडतो आणि मोडल्याची भीती बसते. एक माळ ठेवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी एकच करा, दोन नकोत.

तिसरा धोका घरी चालून येतो. दुःखी घराचा सुगावा लागला की दोष काढून देणारे, बाधा उतरवणारे येतात; दक्षिणेचा आकडा पहिल्या भेटीत लहान आणि तिसऱ्या भेटीत मोठा असतो. जो भीती घालतो, उपचार थांबवायला सांगतो, किंवा घरच्यांना सांगू नका म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवा. अघोरी प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा अशांसाठीच आहे. पोलिसांत तक्रार देता येते.

"टाकला तो कांहीं केला उपकार"

तीन-चार महिन्यांनी, अंगात थोडं बळ आल्यावर, तुकोबांच्या क्रमातला हा भाग, म्हणजे जमेल तो उपकार करणं, घ्या. फार लवकर घेतला तर माणूस दुसऱ्यांच्या कामात स्वतःचं दुःख पुरून टाकतो आणि ते वर्षश्राद्धाच्या सुमाराला उसळतं. ओळखीत कोणाकडे दुःख झालं तर पहिल्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटत नाही. पिठलं-भाकरी नेऊन देण्याची आपली जुनी रीत आहे. तशी न्या. भांडी परत मागावी लागणार नाहीत अशी न्या, म्हणजे केळीच्या पानात किंवा कागदात. गर्दी दहाव्या-तेराव्याला ओसरते, म्हणून विसाव्या दिवशी पुन्हा जा, आणि आधी फोन करून विचारा की दिवेलागणीला आलं तर चालेल का. गेल्यावर उपदेश करू नका. त्यांना हवं असेल तर एक माळ सोबत करा, नको असेल तर ताटं वाढायला मदत करून परत या.